चुलीशेजारची ओल

आमच्या सरांनी एकदा वजरीला यज्ञात नेऊन बसवलं होतं. वजरी म्हणजे टाचा घासायची, भाजल्या मातीची खरबरीत वडी. आमच्या घरी न्हाणीच्या कोनाड्यात एक कायम पडलेली असे. तसलीच एक, फक्त दोनेक हजार वर्षं जुनी, आमच्या उत्खननाच्या खड्ड्यात निघाली. सरांनी ती तळहातावर घेतली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा दाखवत वेदी, आहुती, विधी असं अर्धा तास सांगितलं. आम्ही विद्यार्थी वहीत उतरवून घेत होतो. माती वाहणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांतली सगळ्यात थोरली पुढं आली, घमेलं खाली ठेवलं आणि आपली भेगाळलेली टाच वळवून तिनं सरांना दाखवली. सर म्हणाले, "मावशी, काम करा." नोंदवहीत ती वस्तू 'धार्मिक' म्हणूनच राहिली.

मी तेव्हा हसलेही नाही. तसल्याच वजरीनं टाचा घासत मी लहानाची मोठी झाले होते, पण सर सांगतात म्हणजे असेल तसं, असं मला वाटलं. खेड्यातनं शिकायला आलं की माणूस घरचं सगळं शहाणपण चपलांसारखं वर्गाबाहेर काढून ठेवतं. मीही ठेवलं होतं. ते परत पायात घालायला मला एक हिवाळा लागला, आणि त्यापायी एक वर्ष वाया गेलं. वाया गेलं असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही.

सर वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर बरंच तोंड टाकणार आहे. त्यांचं कोल्हापुरातलं शिक्षकांचं घर. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. आपल्याला आरत्या पाठ असतात तसं त्यांना संस्कृत पाठ. मी हातकणंगल्याच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, आमच्या गल्लीतून एम.ए.पर्यंत आलेली पहिलीच. त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. स्वतःच्या कपाटातली पुस्तकं वाचायला दिली आणि परत करताना त्यांवर प्रश्न विचारले. प्राचीन लोकांचं घरातलं जगणं, हा विषय प्रबंधाला मी मागितला तेव्हा त्यांना आनंदच झाला. खोड एकच होती. त्यांच्या लेखी पोथी आधी आणि माती मागनं. पोथीत जे असेल ते मातीत शोधायचं, आणि मातीत जे निघेल त्याला पोथीतलं नाव द्यायचं. ज्याला पोथीत नाव नाही ते रानटी लोकांचं, असं म्हणून ते मोकळे होत.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमची उत्खननाची जागा पंचगंगेच्या काठी, शहरापासून सायकलनं तासाभरावर होती. एक पांढरीचं टेकाड. जुन्या वस्तीतली राख, शेण, पडलेल्या भिंती असं सगळं मुरून जमीन भुरकट पांढरी होते, तिला आमच्याकडं पांढर म्हणतात. शेतकरी ती खणून गाड्या भरभरून उसात टाकतात आणि पीक झकास येतं. सरांना याचा भयंकर राग. गाडी दिसली की ते काठी घेऊन धावत आणि इतिहास शेतात घालता म्हणून गाडीवानाला झाडत. माझ्या वडिलांनी असल्या पांढरीच्या गाड्या जन्मभर ओढल्या होत्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला खोल खड्ड्यात एका घराची भुई लागली. चोपून केलेली, कडक, जागोजागी सारवणाचे पापुद्रे धरलेली. वरच्या थरांपेक्षा हे फार जुनं, सर म्हणत तीन हजार वर्षांचं. त्या भुईवरची धूळ झाडायचं काम माझ्याकडं होतं. दोन दिवस मी त्या घरात उकिडवी बसून होते आणि मला ते घर आवडायला लागलं होतं. चूल अशी मांडलेली की भाकरी थापता थापता दारातलं माणूस दिसावं. पाट्याचा दगड एका अंगानं जास्त झिजलेला. चुलीच्या मागं, भिंतीलगत, हातभर जागा मात्र वेगळी दिसत होती. तिथली भुई दुसऱ्यांदा चोपलेली होती आणि बाकीच्या भुईपेक्षा तिथं सारवणाचे थर दुप्पट होते.

सरांनी ती जागा उकलायला सांगितली. खाली दोन गाडगी निघाली, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एकाचं बूड थोडं फुटलं होतं. आत माती भरलेली, आणि मातीत खराट्याच्या काड्यांएवढी हाडं.

टाच दाखवणारी ती थोरली बाई खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिनं पदर डोक्यावरनं घेतला आणि खाली बसली. "झाका त्ये," ती म्हणाली. "चुलीपाशी ठेवलंय. ऊब लागावी म्हणून ठेवलंय." सरांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि छायाचित्र काढणाऱ्याला हाक मारली.

चहाच्या वेळी सरांनी आम्हाला समजावून सांगितलं. धर्मग्रंथांत स्पष्ट आहे की दात न आलेलं मूल गेलं तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात, पण गावाबाहेर पुरतात. इथं तर घरात, चुलीपाशी पुरलेलं. म्हणजे हे दफन नव्हे. म्हणजे घर बांधताना दिलेला बळी. ज्यांना शास्त्र ठाऊक नाही अशा लोकांत हे चालायचं, आई-बाप स्वतःच्या हातानं करायचे. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईला खुनी ठरवायला त्यांना चहाचा एक कप पुरला.

मी काय केलं? मी पेनात शाई भरली आणि जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता मी हे धिटाईनं सांगते आहे, पण त्या दिवशी मी वहीतून मान वर काढली नाही. कारण त्या दोन गाडग्यांचं कोडं मला पडलंच नव्हतं. तसली दोन गाडगी मी स्वतः कुंभाराकडून आणून दिली होती.

मी तेव्हा सात वर्षांची होते. मला बहीण झाली होती आणि ती नऊ दिवस जगली. माझ्याआधी एक भाऊही झाला होता, त्याला मी पाहिलेलं नाही. तो गेला तेव्हा भावकीतली माणसं रीतीप्रमाणं त्याला ओढ्याकडेला पुरून आली होती. तिसऱ्या दिवशी आई पाण्याला गेली आणि ज्या फडक्यात त्याला गुंडाळलं होतं ते तिला करंजाच्या झुडपाला अडकलेलं दिसलं. कोल्ह्यांनी उकरलं होतं. हे ती मला पुष्कळ वर्षांनी बोलली, तेही एकदाच.

बहीण गेली त्या सकाळी थोरले चुलते दारात येऊन उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांडीत बहिणीला घेऊन बसली होती आणि म्हणाली, ही ओढ्याला जाणार नाही. चुलत्यांनी सगळं सांगून पाहिलं. घर बाटेल, पुढचं मूल जगणार नाही, लोक थुंकतील. आई उंबऱ्यावरनं हलली नाही. तेव्हा माझे वडील, ज्यांनी थोरल्या भावाला उभ्या जन्मात उलटून उत्तर दिलं नव्हतं, उठले, गोठ्यातनं पहार घेऊन आले आणि चुलीशेजारी खणायला लागले. आईनं मला कुंभाराकडं पिटाळलं. दोन गाडगी आण म्हणाली, रुंद तोंडाची. दोन कशाला, हे मी विचारलं नाही. दोन्ही कुशीत घेऊन, रस्त्यात कुणाशी न बोलता मी घरी आले.

त्यानंतर रोज सकाळी आई घर सारवायच्या आधी तेवढी जागा सारवायची. बाकीचं घर आठवड्यातनं एकदा, ती हातभर जागा रोज. कुणी पाहुणा तिथं टेकायला लागला की ती म्हणायची, "तितं नगा बसू, ओल हाय." वडील तेच सांगायचे. मीही माझ्या मैत्रिणींना तेच सांगायची. आमच्या घरातली ती ओल भर उन्हाळ्यातसुद्धा वाळली नाही, आणि गल्लीतल्या कुणी त्याबद्दल कधी नवल केलं नाही. आता वाटतं, कितीतरी घरांत असली ओल असेल.

आठ दिवसांनी मी प्रबंधाचं प्रकरण लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं की हे बाळ मेल्यावर आई-बापांनी मायेनं घरात ठेवलेलं आहे. सरांनी लाल पेन्सिलीनं 'मायेनं'खाली रेघ मारली आणि विचारलं, पुरावा? मी म्हटलं, चुलीची जागा, तोंडाला तोंड लावलेली गाडगी, दुप्पट सारवण. ते म्हणाले, ही निरीक्षणं झाली, अर्थ नव्हे. अर्थाला आधार लागतो. मी म्हटलं, आमच्या भागात बायका अजून असं करतात. सर हसले. गावातल्या बायका करतात हा काय आधार आहे का? कोणती बाई, कुठं, कुणी पाहिलं? आणि मग त्यांनी मला स्वच्छ सांगितलं की बळीचा अर्थ मान्य केल्याशिवाय या प्रकरणावर त्यांची सही होणार नाही. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर घरी जाऊन लग्नाला उभं राहायचं, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

माझं डोकं फिरलं. बाई घेऊन येते, म्हणून मी सांगून टाकलं. या, घेऊन या, सर म्हणाले.

गावी जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसल्यावर मला कळलं की मी काय बोलून बसले होते. ते गुपित माझं नव्हतंच. पंधरा वर्षं जे भावकीतल्या चार माणसांपलीकडं गेलं नव्हतं, ते मी एका प्रबंधासाठी विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या टेबलावर मांडायला निघाले होते. वाटेत दोनदा मनात आलं की घरी काही बोलायचंच नाही, सोमवारी परत जायचं आणि सर म्हणतात तसं लिहून द्यायचं. तीन हजार वर्षांपूर्वीची बाई काही भांडायला येणार नव्हती.

आई पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसले, दोन-चार शेंगा फोडल्या आणि सगळं सांगून टाकलं. ती शेंगा फोडत राहिली. नंतर तिनं तीनच गोष्टी विचारल्या: गाडगी केवढी होती, चुलीपासनं किती लांब होती, आणि वरची भुई सारवलेली होती का. मी वितीनं मोजून दाखवलं. ते ऐकून तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आणि तुझं गुरुजी काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, आईबापांनी मारून पुरलं असं म्हणतात.

तिनं टरफलं एका बाजूला लोटली. मग म्हणाली, "मी येतो सोमवारी." आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात; सरांनी माझं ते बोलणं दोन वर्षं खपून सुधारलं होतं. वडील गोठ्यातनं ऐकत होते. ते बाहेर आले आणि गावात कळलं तर काय होईल ते सांगायला लागले. आईनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "कळू दे की," ती म्हणाली. "पंधरा वर्सं ओल ओल म्हणून माझं त्वांड दुखलं."

सोमवारी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. गाडीनं कोल्हापूरला आलो. स्टेशनावरनं विभागापर्यंत चालत गेलो. खोलीच्या दाराशी तिनं पायतणं काढली. आत चपला घालून सगळेच वावरत, मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आत लेकरू हाय न्हवं. मग मीही काढल्या.

सर उठून उभे राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी तिला खुर्ची दिली. मला वाटलं होतं ती संकोचून खाली बसेल. ती खुर्चीत बसली, आणि वर मांडी घालून बसली. लांब टेबलावर ती दोन गाडगी वाळू घातलेल्या ताटात ठेवली होती, जशी निघाली तशीच, तोंडाला तोंड लावून. फुटक्या बुडाखाली कापसाचा आधार होता. पुढं एक पांढरी चिठ्ठी होती. आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला ती वाचायला सांगितली, मोठ्यानं.

मी वाचली: बालकाची हाडे असलेले जोडकुंभ. नरबळी.

"मारताना कुणी बगितलं?" आईनं विचारलं. प्रश्न सरांना होता, पण बघत होती ती गाडग्यांकडं.

सर शांतपणे समजावू लागले. ते वाईट शिक्षक नव्हतेच. शास्त्रात कसं गावाबाहेर सांगितलं आहे, घरात पुरणं कसं निषिद्ध आहे, त्यामुळं घरात जे पुरलं जातं ते वेगळ्या कारणानं, असं त्यांनी तिला सोप्या भाषेत सांगितलं. आईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावाभायेर कोल्ही असत्यात, गुरुजी. शास्त्र लिवणाऱ्यानं कदी पोर पुरलं न्हाय वाटतं."

त्यानंतर तिनं सांगितलं. बहिणीचं सांगितलं, भावाचं सांगितलं, झुडपाला अडकलेलं फडकं सांगितलं. वडिलांनी पहार घेतली ते सांगितलं. रडली नाही. शेतातलं काम सांगावं तसं, आधी काय केलं आणि मग काय केलं, असं क्रमानं सांगत गेली. पोर नागडं न ठेवता लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं. गुडघे पोटाशी घेतले, कारण पोटात तशीच होती. सर टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभे होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, आणि तो प्रश्न पंधरा वर्षं मीही विचारला नव्हता: गाडगी दोन का?

"एकात मावती की ती," आई म्हणाली. "दुसरं तोंडावर लावलं. डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून."

आई उठली, टेबलापाशी गेली, ती चिठ्ठी उचलली, चार घड्या केल्या आणि कमरेच्या चंचीत पानसुपारीबरोबर ठेवून दिली. सरांना म्हणाली, "ही मी न्हेतो." आणि पायतणं घालून बाहेर पडली. सरांनी तिला अडवलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. सरांचे डोळे पाणावले, त्यांनी अर्थ बदलला, मला पहिला वर्ग मिळाला, असं मी लिहिलं तर वाचणाऱ्यालाही बरं वाटेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. रात्रभर झोपले नसावेत असं दिसत होतं. ते म्हणाले, तुझ्या आईनं सांगितलं ते खरं आहे, यात मला शंका नाही. पण ते आजचं खरं आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या मनात हेच होतं, हे कशावरून? मी म्हटलं, कशावरूनही नाही. पण सर, तिच्या मनात खून होता, हे कशावरून? तुम्हाला मायेला पुरावा लागतो. खुनाला का लागत नाही?

अडचणीत आला की शिकलेला माणूस जास्तच ताठ होतो. 'बळी किंवा दफन' असं दोन्ही लिहा, मी सही करतो, एवढ्यावर ते उतरले. त्यांच्या दृष्टीनं ती मोठी सवलत होती, आजही मला ते मान्य आहे. मी म्हटलं, 'बळी' हा शब्द माझ्या अक्षरात येणार नाही. सही झाली नाही. टेबलावर त्याच आठवड्यात सरांच्या वळणदार अक्षरात नवी चिठ्ठी आली, जुन्या मजकुराची.

माझं ते वर्ष गेलं. गावात चुलत्यांनी सांगत सुटायचं ते सांगितलंच; नापास झाली, वर आईला नाचवली कोल्हापुरात. दोन स्थळं आली ती त्याच पावली गेली, त्याबद्दल मी चुलत्यांची आभारी आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या मार्गदर्शकांकडं मी तोच प्रबंध दिला, त्याच शब्दांत, आणि दुसऱ्या वर्गात पास झाले. उत्खननाचा अहवाल यथावकाश छापून आला. त्यात ती दोन गाडगी नरबळीच आहेत, आणि वजरी धार्मिकच आहे. एका पानाच्या तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलंय की स्थानिक स्त्रियांचे मत याहून वेगळे आहे. सरांनी ती तळटीप कुणाला न विचारता घातली होती. तेवढ्या एका ओळीसाठी मी त्यांना पुढं जन्मभर वाकून नमस्कार करत राहिले, आणि बाकीच्या पानांसाठी भांडत राहिले.

पुढं मी कोल्हापुरातच शिकवायला लागले. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला मी विचारते, घरी वजरी आहे का. हात वर होतात. मग सांगते, ती घरी ठेवून येऊ नका.

ऐंशीनंतर आमच्याकडं ऊस आणि म्हशी चांगल्या चालल्या आणि माझ्या धाकट्या भावानं जुनं घर पाडून सिमेंटचं घर काढलं. तोपर्यंत वडील गेले होते. गवंड्यानं सुतळी लावून खांबांच्या जागा आखल्या, तर एक खांब नेमका जुन्या चुलीच्या शेजारी येत होता. भाऊ बहिणीनंतर जन्मलेला. त्याला लहानपणापासनं ओल एवढीच माहीत होती. मला निरोप आला तशी मी पहिल्या गाडीनं गेले. बघते तर आई त्या आखलेल्या जागेवर पोतं टाकून बसली होती. सकाळपासनं उठली नव्हती. गवंडी विडी ओढत समोर बसला होता आणि तिला म्हणत होता, आजी, ओलीचं काय घेऊन बसलाय, आम्ही मुरूम भरतो की. मी भावाला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं खुंटी उपटली आणि हातभर पलीकडं ठोकली.

त्यामुळं आमच्या घरात एक खांब ओळीत नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो. भावजय सांगते, गवंडी चुकला.

त्या दिवशी खांब सरकल्यावर आई उठली आणि गोठ्यात तात्पुरता संसार मांडला होता तिथनं चंची घेऊन आली. तिच्यातनं तिनं ती चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, सुपारीच्या डागांनी तांबूस झालेली, पण 'नरबळी' एवढं अजून वाचता येत होतं. ही कुठं टाकू, तिनं मला विचारलं. एवढी वर्षं तिला ती ना फाडता आली होती ना ठेवता. मी म्हटलं, आण इकडं. गोठ्यातल्या चुलीत गेली ती.

मग मला वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. हे घरही कधीतरी पडेल. पांढर होईल. कुणीतरी येईल, कुंचल्यानं झाडेल, त्याला दोन गाडगी मिळतील आणि शेजारी ओळ सोडून सरकलेला एक खांब. त्याच्या कपाटातही कसली तरी पोथी असेलच. कागद तोवर टिकत नाही, हे मला खड्ड्यानं शिकवलं होतं. खापर टिकतं. अंगणात पाडलेल्या घराची कौलं रचून ठेवली होती. त्यांतलं एक सपाटसं कौल मी घेतलं, भावाकडनं छिन्नी घेतली आणि आईला विचारलं, काय लिहू?

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं विचार केला. मी मनात मोठमोठी वाक्यं जुळवत होते, त्यांत शास्त्र होतं, कोल्ही होती, सरांना उत्तर होतं.

"लिव," ती म्हणाली. "ही माझी हाय. मी ठेवलीया."

तेवढंच कोरलं, तिच्या बोलीत. कौल पालथं घालून त्या जागेवर ठेवलं, वर मुरूम पसरला आणि आईनं शेवटचं सारवून घेतलं. तारीख घातली नाही. खणायला येतील त्या पाहुण्यांनी ती काढावी, तेवढं काम त्यांना ठेवलं आहे.